बाप हसला तो दिवस

"मतदार यादीत हिचं नाव? मग मेंढरांची बी घाला की, गुरुजी."

ज्यांच्या रानात आमची मेंढरं बसायची, ते मालक खुर्चीत बसून बोलले. शाळेच्या ओसरीवर पाच-सहा माणसं होती. सगळी हसली. गुरुजींचा पेन माझ्या नावावरच थांबला.

आणि माझा बापही हसला.

तेच मला विसरता येत नाही. मालकांचं बोलणं टोचलं, पण ते परक्याचं. बाप पटका सावरत, दात दाखवत हसला आणि म्हणाला, "खरंय मालक. आमी फिरस्ते. आमचं काय." मग त्यानंच माझा अर्ज गुरुजींकडून परत घेतला, घडी करून बंडीच्या खिशात घातला.

आम्ही मेंढरंवाले. माझं बालपण पालावर गेलं. खतासाठी ज्याच्या रानात मेंढरं बसवायची, त्याच्यापुढं मान वर करायची नाही, हा आमचा रिवाज. तो काही बोलला की हसायचं. नाहीतर पुढच्या साली ते रान बंद. आई गेल्यावर बापानं फिरणं सोडलं आणि पालम तालुक्यातल्या या गावात ओढ्याकाठी पत्र्याचं घर बांधलं. त्यानं जन्मात कधी मत दिलं नव्हतं. मतदानाच्या दिवशी तो कुठल्यातरी परक्या शिवारात असायचा. मला अठरा पुरी झाली, तेव्हा धुतलेलं धोतर नेसून तोच मला शाळेत घेऊन गेला होता.

पुढच्या उन्हाळ्यात बाप गेला. त्याचं हसणं गेलं नाही. कोकरू पाजताना ऐकू येतं. पालमच्या एसटीत मागच्या सीटवरून ऐकू येतं. मी वळून बघते, कुणी नसतं. त्याच्या बंडीत तो अर्ज सापडला, घामानं मऊ पडलेला. मी लय रडले. त्याचा राग आला. माझाही आला, कारण त्या दिवशी मीही गप्प उभी होते.

मी नवा अर्ज भरला. मालकांनी लेखी हरकत घेतली की ही बाई गावात राहत नाही. गुरुजींनी चौकशीला शाळेत बोलावलं. तीच ओसरी, तीच खुर्ची.

मालक म्हणाले, "आज हितं, उद्या तिथं. ही कसली गावची?"

माणसं हसली. माझ्या मानेमागं बाप हसायला लागला. आता हसायची पाळी माझी होती.

मी हसले नाही. म्हणाले, "मालक, तीन सालं झाली, आमची मेंढरं तुमच्या रानात बसायलीत. दर साली तुमचाच गडी बोलवायला माझ्या दारात येतो. मी गावात राहत न्हाई, तर तो कुणाच्या दारात येतो?"

गुरुजींनी खाली मान घालून लिहून घेतलं.

"लय तोंड फुटलं की तुला," मालक म्हणाले.

"यंदापासून तुमच्या रानात मेंढरं बसणार न्हाईत," मी म्हणाले.

नाव आलं. माझ्या नावाखाली वडिलांचं नाव छापलंय. पहिल्यांदा मत देऊन बाहेर आले, तेव्हाही बाप मागं हसतच होता. तो थांबेल असं आता मला वाटत नाही.

ओढ्याकाठी मेंढरंवाल्यांची आणखी चार घरं आलीत. त्यांच्या पोरींचे अर्ज घेऊन मीच जाणार आहे. मालकांच्या खुर्चीसमोर उभी राहणार आहे. त्या ओसरीवर पुन्हा कुणाच्या बापाला हसायला लावलं, तर गाठ माझ्याशी आहे.