निंबाच्या लाल गाडीचे दोन क्लच

नरडाण्याच्या कारखान्यांतला माल आपल्या ट्रकमधून भुसावळला पोचवणं, यात आमच्या निंबाचं अर्धं आयुष्य गेलं. उरलेलं त्या ट्रकच्या खाली आडवं पडून गेलं. ट्रक कुठे कण्हतो, कुठे रुसतो, ते त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. अशा माणसानं सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी विलायती गाडी आणली. लालभडक, दोनच माणसांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. गाव तिला हात लावून बघायला आलं.

निंबाचा बेत साधा होता. आपल्याकडे नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या देवळापर्यंत जातो. घोड्याऐवजी त्याला या गाडीतून न्यायचं. एक लग्नसराई झकास गेली. पुढे बँड, मागे गाडी, उघड्या टपातून नवरदेव उभा. बँड चौकात रंगला की गाडी थांबायची, मग मुंगीसारखी सरकायची, पुन्हा थांबायची.

भुसावळच्या एका मिरवणुकीत ती थांबली ती थांबलीच. इंजिन वाघासारखं गुरगुरत होतं, पण चाकं हलेनात. जळका वास सुटला आणि बायकांनी नाकाला पदर लावले. निंबा खाली वाकून बघत राहिला. त्याला काहीच ओळखीचं दिसेना.

नाशिकच्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये थंड खोलीत बसवून त्याला सांगितलं, गिअरबॉक्स अख्खा बदलावा लागेल. जो आकडा सांगितला, तो ट्रक विकला तरच जमणार होता. निंबानं पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. तो रिकामा होता.

तिथून गाडी धुळ्याला, हिलाल मिस्तरीकडे आली. दोन दिवसांनी हिलाल म्हणाला, "निंबा भाऊ, इंजिन बठ्ठं चांगलं शे. क्लच जळी ग्यात. दोन्ही."

"या गाडीले क्लच शेच नही," निंबा म्हणाला. "दोनच पेडल शेतस. एक ब्रेक, एक रेस."

"पेडल नही, पण क्लच शे. आतमा दोन शेतस. गाडी आपली आपण दाबस."

"मंग मी काय जाळं?"

"तुम्ही तिले पळूच दिधं नही. बँडना मांगे चालाडी चालाडी जाळी टाकं. ट्रक इकीसन नवा टाका, पुढली लग्नसराईमा तेबी जळतीन."

निंबा परतीच्या एसटीत खिडकीशी बसला. क्लच नाही तरी तो जळतो. पळवली तर टिकते, हळू हाकली तर मरते. आयुष्यभर त्यानं उलटंच पाहिलं होतं. आणि पळणाऱ्या गाडीच्या पुढे बँड कसा वाजायचा?

घरी बेबाबाईनं, त्याच्या बायकोनं, ताट वाढता वाढता विचारलं, "ट्रक इकीसन ती गाडी नीट करशात, मंग तिनामा सिमेंट भरशात का?"

सकाळी ट्रक बघायला गिऱ्हाईक आलं. त्यानं टायरांवर लाथ मारली, बॉनेट उघडलं. निंबा "थांबा" म्हणाला. का थांबायचं ते मात्र त्याला सांगता येईना. गिऱ्हाईक निघून गेलं.

चार कोसांवरच्या गावात योगेंद्रचं लग्न होतं आणि त्याला गाडी कबूल केलेली. नाही सांगायला निंबा स्वतः गेला. नवरदेवाच्या काकांनी, सुकदेव नानांनी, सगळं ऐकून घेतलं.

"आवाज करस ना?"

"आवाज करस, नाना. चालत नही."

"मिरवणूकमा चालस कोन? पोरं ढकलतीन. तू आवाज कर."

निंबाला हे अपमानाचं वाटलं, मग सोयीचं वाटलं, मग पुन्हा अपमानाचं. पण तो हो म्हणून बसला होता. ट्रकच्या पाठीवर फळ्या लावून गाडी चढवली, गावाच्या वेशीवर उतरवली. योगेंद्र उभा राहिला. आठ पोरांनी मागून खांदे लावले. निंबा रेस देत होता, गाडी गरजत होती आणि बायामाणसं कौतुकानं बाजूला होत होती. कोणी काही विचारलं नाही. मारुतीपुढे आणखी दोघांनी गाडी पुढच्या महिन्यासाठी मागितली.

सोमवारी नरडाण्याला ट्रक भरत असताना शेजारच्या ड्रायव्हरनं सहज विचारलं, "निंबा भाऊ, गाडी नीट व्हयनी का?"

निंबा दोर आवळता आवळता थांबला. नाही म्हणावं, तर दोन लग्नं ठरलेली. हो म्हणावं, तर ती तसूभर आपल्या पायानं हललेली नव्हती.

"ट्रक नीट शे," तो म्हणाला आणि वर चढला.