साडूंना बिनविरोधाचं वावडं

दहा माणसांचं एकमत झालेलं पाहून ज्याच्या जिवाची तगमग होते असा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघावा, हे माझं नशीब. लोहाऱ्याजवळच्या त्यांच्या गावी गेलो की ते मला ओसरीवर बसवतात आणि स्वतः मात्र उंबरा ते अंगण, अंगण ते उंबरा अशा येरझाऱ्या घालतात. सगळ्यांनी चहा मागितला की यांना ताक हवं. सगळे जीपने निघाले की हे एसटीची वाट बघत फाट्यावर उभे, आणि एसटी आली की म्हणणार, "लई गर्दी हाय, जीपनंच जावं." ग्रामसभेत ठराव वाचायच्या आधीच यांचा हात वर. एकदा ठराव यांच्याच गल्लीतल्या दिव्याचा होता. तरी हात वर! ग्रामसेवक वैतागून म्हणाला, "काका, आता कशाला विरोध?" तर म्हणाले, "समदे व्हय म्हनत्यात, म्हंजी कुणीच ऐकलेलं न्हाय. पुन्यांदा वाचा." पुन्हा वाचल्यावर कळलं की दिवा चुकून शेजारच्या गल्लीत लिहिला होता. त्या दिवसापासून तर त्यांना आवरणं कठीण झालं.

त्यांच्या गावची पंचायत कायम बिनविरोध. फॉर्म भरायच्या आधी खंडोबाच्या देवळात बैठक व्हायची, नावं ठरायची, सगळे शपथेचा भंडारा उचलायचे, की मिटलं. गावाला त्याचा केवढा अभिमान! गेल्या खेपेला मात्र साडूंनी भंडारा उचललाच नाही. सरळ तहसीलला जाऊन फॉर्म भरून आले. गाव हादरलं. गावकऱ्यांनी मला मध्यस्थीला बोलावलं. मी म्हटलं, "अहो, पडणार तुम्ही. शोभा कशाला?"

"पडतोच की," ते येरझाऱ्या न थांबवता म्हणाले. "पन पाव्हणं, आय ऐंशीच्या पुढं गेली. दिल्लीसाठी मत दिलं तिनं, मुंबईसाठी दिलं. गावात कोन असावं ते मातर तिला आजवर कुणी इचारलं न्हाय. दर खेपेला देवळात पंधरा बाप्ये ठरवत्यात आन् आय घरात भाकरी थापती. एकदा तरी तिला इचारू द्या."

अर्ज मागे घ्यायच्या दिवशी गावची चार वजनदार माणसं तहसील कचेरीत त्यांच्या मागे मागे, आणि हे पुढे. तीन वाजेपर्यंत त्यांनी त्या आवाराला इतक्या फेऱ्या घातल्या की शिपायाला चक्कर आली. तीन वाजले, मुदत संपली आणि मतदान नक्की झालं.

मतदानाला आईला नवं लुगडं नेसवून त्यांनी स्वतः मोटारसायकलवर नेलं. म्हातारी बाहेर आली ती बोटावरची शाई निरखत. आम्ही कुणी विचारलं नव्हतं, तरी दारातच म्हणाली, "म्या त्या दुसऱ्याला दिलं. तुला निवडून दिल्यावर तू घरला कवा येनार?" साडू क्षणभर उभेच राहिले, आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सपाटून पडले. पण पुढे महिनाभर भेटेल त्याला छाती फुगवून सांगत होते, "आयनं माझ्या इरोधात मत दिलं!"

साडूंची आई यंदा उन्हाळ्यात गेली. परवा माझ्या मुलीच्या लग्नाची तारीख धरायला सगळे जमलो होतो. तारीख ठरली, कार्यालय ठरलं, आणि सवयीने आम्ही सगळे थांबून साडूंकडे पाहू लागलो. ते एका जागी बसले होते. म्हणाले, "तुमी ठरवाल तसं." बैठक पाच मिनिटांत संपली. इतकं सुरळीत आमच्या घरात कधी काही झालं नव्हतं, आणि मला तर रडूच यायला लागलं. घरी येऊन चैन पडेना. शेवटी मीच फोन लावला. "साडू, ते कार्यालय लांब पडेल, असं नाही वाटत तुम्हाला?"

पलीकडून आधी चपलांचा आवाज आला. ते उठून चालायला लागले होते.

"लांब हाय तर खरं," ते म्हणाले. "मंगल कार्यालय कशाला, आपल्या अंगणातच उरकू म्हनतो." आणि थोडं थांबून, "पन आय असती, तर ती कार्यालयच म्हनली असती बघा."