मागे झील आहे

लाजाळू माणसाला देव कसा गाठत असेल, हा प्रश्न मला पूर्वी कधी पडला नव्हता. खरं तर तेव्हा देवावर माझा रागच होता. बारामतीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो, आणि हजेरीला 'हजर सर' म्हणायची वेळ आली की घशाला कोरड पडायची. आवाज इतका बारीक निघायचा की सर गैरहजेरी मांडून पुढे जायचे, आणि पुन्हा उठून सांगण्यापेक्षा गैरहजर राहिलेलं मला परवडायचं. कँटीनमध्ये चुकून बिनसाखरेचा चहा समोर आला, तरी साखरेच्या मुलखातला मी तो गुपचूप पिऊन टाकायचो. लोक हसतील, एवढीच ती भीती. पण ती माझ्याआधी उठायची आणि माझ्यानंतर झोपायची. आमच्या लासुर्ण्याहून एसटीत बसलो की रोज मनात म्हणायचो, देवा, मला असा का केलास?

त्यातच वर्गासमोर सेमिनार द्यायचा आला. विषय मीच घेतला होता, क्षारपड जमीन. उसाला पाणी पाजून पाजून आमच्याकडची रानं कशी पांढरी पडतात, हे मी लहानपणापासून बघत आलोय. सगळं तोंडपाठ होतं. तरी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा सुरुवातीलाच डोकं रिकामं झालं, मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि मी खाली मान घालून जागेवर जाऊन बसलो. सरांनी समजूतदारपणे आणखी एक संधी दिली. तीही हुकली तर वर्ष जाणार होतं, आणि तसं झालं तर कॉलेज कायमचं सोडायचं असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्या दुसऱ्या सेमिनारचा दिवस अमावस्येचा होता, वेळ दुपारची. सकाळी बारामतीच्या स्टँडवर उतरलो, पण पाय कॉलेजकडे वळेनात. आमच्या गावावरून जाणारी इंदापूरची गाडी लागलेली होती, तिच्यात जाऊन बसलो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी. कंडक्टरने "कुठं?" विचारलं. घरी जावं तर आई 'एवढ्या लवकर कसा आलास' विचारणार, आणि दुसरं गाव सुचेना. तेवढ्यात म्हातारबाबाच म्हणाले, "बिरुबाच्या देवळाची दोन द्या." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाव्हण्यांनी झील धरायला धाडल्यालं पोरगं तूच न्हवं का?"

मी तो नव्हतो. पण भरल्या गाडीत नाही म्हणायचं, मग कोण, कुठला, कुठं निघालास, हे सगळं सांगायचं! त्यापेक्षा माझी मान हलली, आणि ती होकाराची हलली. आज आठवलं की हसू येतं आणि डोळेही भरतात.

देऊळ साधंच होतं, उसाच्या रानात लिंबाच्या झाडाखाली. आत बिरोबाची मूर्ती भंडाऱ्याने पिवळीधमक झालेली. आमच्या घरी आजोबांपर्यंत मेंढरं होती, त्यामुळे धनगरी ओव्या माझ्या कानावरून गेलेल्या होत्या, पण म्हणायला कधी उभा राहिलो नव्हतो. एकाने ओळ म्हणायची आणि मागच्यांनी ती उचलून पुन्हा म्हणायची, ही मागची साथ म्हणजे झील. म्हातारबाबांना सगळे तात्या म्हणत. ते पुढे उभे राहिले, कानावर हात ठेवला आणि सुंबरान, म्हणजे ओवीतून देवाचं स्मरण, सुरू केलं. मी मागच्या रांगेत नुसते ओठ हलवत होतो.

ओवी ऐन रंगात आली आणि तात्या विसरले. ओळ संपली, पुढची येईना. लाज त्यांची जायची होती आणि कान माझे तापले. पण आसपास कुणाच्या तोंडावरची रेघसुद्धा हलली नाही. मागच्या मंडळींनी तात्यांची शेवटची ओळ उचलली आणि तीच पुन्हा म्हटली, परत म्हटली, आणखी म्हटली. घाई नाही, खाकरणं नाही. तात्या डोळे मिटून, गालातल्या गालात हसत उभे होते, जणू दारात बसून कुणाची तरी वाट बघताहेत. मग पुढची ओळ त्यांना आपसूक आली आणि ओवी चालू लागली. अंगावर सरसरून काटा आला तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्या आवाजात एक आवाज माझा होता. चांगला खणखणीत होता.

ओव्या संपल्यावर तात्यांना फोन आला. पाहुण्यांचं पोरगं गाडी बिघडली म्हणून येणारच नव्हतं. तात्या माझ्याकडे वळले. "मंग तू कोण रं?"

मी सगळं सांगितलं. सेमिनार, ते हसणं, पळून येणं. आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे सलग बोललो. वाटलं, रागावतील. त्यांनी माझ्या कपाळाला भंडारा लावला.

"म्हंजी पाव्हण्यांनी न्हाय, देवानं धाडला," ते म्हणाले. "आरं, मी दर अमावश्येला इसरतो. आपुन फकस्त ओळ सोडायची. मागं झील हाय की! जा, दुपार व्हायच्या आत पोच."

वर्गात शिरताना कपाळ पुसायला हात वर गेला, आणि तसाच खाली आला. दोघे-तिघे हसले. मी बोलायला लागलो. "पाणी जास्त झालं की खालचे क्षार वर येतात," इथवर आलो, आणि डोकं पुन्हा रिकामं. मी डोळे मिटले. देवा, ओळ सोडली.

"खालचे क्षार वर येतात..." वर्गातून कुणीतरी म्हणालं. सावकाश, चेष्टेचा लवलेशही नाही. क्षणभराने पुन्हा तेच शब्द आले, आणि त्यांच्या मागोमाग माझं पुढचं वाक्य आलं. मग शेवटपर्यंत अडलो नाही. नंतर सगळ्यांना विचारलं, कोण बोललं होतं? कुणी म्हणे ऐकलंच नाही, कुणी म्हणे मागून आवाज आला. कुणी वहीत लिहिताना पुटपुटलंही असेल. मी वाद घालत नाही. हात जोडतो.

माझी भीती गेलेली नाही. घसा अजून कोरडा पडतो. पण देवा, मला असा का केलास, हे विचारणं थांबलं. ज्या लाजेने मला कॉलेजातून पळवलं, तिनेच मला त्याच्या दारात नेऊन उभं केलं होतं. धीटपणे 'मी तो नव्हे' म्हणालो असतो, तर देऊळ मागे टाकून घरी गेलो असतो.

महिन्याभराने डाळज गावची एक मुलगी वर्गासमोर उभी राहिली आणि मध्येच थांबली. आणि तिचं शेवटचं वाक्य कुणीतरी सावकाश पुन्हा म्हणालं. तिने मान वर केली, श्वास घेतला आणि बोलू लागली.

तिचं झाल्यावर सरांनी विचारलं, "मघाशी कोण बोललं रे?"

मी उभा राहिलो. "मी, सर." शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.