वरच्या मजल्यावरचा पाणवठा

जगात हत्तीला घाबरणारी माणसं पुष्कळ असतील, पण हत्ती घाबरेल म्हणून दाराची बेल काढून टाकणारा माणूस अख्ख्या कतारमध्ये एकच आहे आणि तो दोह्यातल्या अल सद्दला आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहतो. हत्ती अर्थातच तिथं नसतो. तो असतो आफ्रिकेत, बोट्सवानातल्या एका अभयारण्यात. तिथल्या पाणवठ्यावर कुणीतरी कॅमेरा बसवून ठेवलाय आणि त्यात जे दिसतं ते आमच्या या शेजारी काकांच्या टीव्हीवर, काका घरी असेपर्यंत, अखंड चालू असतं. काका नाशिकचे, इथं गॅसच्या कंपनीत इंजिनियर, साठीला टेकलेले, आणि इथं एकटेच राहणारे. शुक्रवारी त्यांच्याकडे चहाला गेलं की चपला बाहेर, आवाज खाली, आणि सोफ्यावर धपकन बसायचं नाही. वर चिवड्याची बशी पुढं करतात. चिवडा आवाज न करता कसा खायचा, हे मला अजून साधलेलं नाही. एकदा एसी दुरुस्त करायला माणूस आला, तर त्याला त्यांनी दारातच थोपवलं. "भाई, जरा रुको, शेरनी पानी पी रही है." तो बिचारा हातात पाना घेऊन उभा राहिला, मग खुर्चीच्या कडेवर टेकला, आणि सिंहीण पोटभर पाणी पिऊन गेल्यावरच एसी उघडला गेला. जाताना त्यानं काकांचे आभारसुद्धा कुजबुजतच मानले, "शुक्रन."

काकांचे कपडे झाडून सगळे मातकट. जंगलात भडक रंग चालत नाही, हे ठीक. पण दोहा शहरच मुळात मातकट, त्यामुळे पार्किंगमध्ये ते गाडीशेजारी उभे असले तरी पटकन दिसत नाहीत. गणपतीला सगळी मराठी मंडळी जमली होती, तेव्हा माझ्या बायकोची निळी पैठणी पाहून ते गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, साडी सुरेख आहे, पण निळ्या रंगावर त्सेत्से माश्या येतात हं." त्या चावऱ्या माश्या आफ्रिकेतल्या; दोह्यात साधी घरमाशी बघायची तरी मोदक उघडे ठेवावे लागतात! त्यांच्याबरोबर गाडीतून जाणं हे तर वेगळंच प्रकरण. दुखानच्या रस्त्यावर एकदा उंटांचा कळप दिसला. काकांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि मला दबक्या आवाजात बजावलं, "उतरायचं नाही. हात बाहेर काढायचा नाही. तो आपल्याला गाडीचाच भाग समजतो." उंट आम्हाला काय समजले ते कळलं नाही, पण त्यांचा राखणदार गाडी बिघडली असं समजून पाण्याची बाटली घेऊन धावत आला. काकांनी त्यालाही तोंडावर बोट ठेवून गप्प केलं.

या सगळ्याच्या मुळाशी काकू होत्या. लग्नानंतर त्या इथं आल्या तेव्हा दोघांनी टीव्हीवर हत्ती पाहिले, आणि काकू म्हणाल्या, "एकदा आपण दोघं जाऊ या हं." पुढं मुलीच्या शाळेसाठी आणि सासूबाईंसाठी त्या नाशिकला परतल्या आणि तिथल्याच झाल्या. काका मात्र जायचं धरूनच बसले. एका वर्षी मुलीची दहावी निघाली, एकदा सासूबाईंचा गुडघा, एकदा नव्या फ्लॅटचा ताबा. दर वर्षी काका म्हणायचे, "पुढच्या कोरड्या सीझनला इन्शाल्ला. तिची फार इच्छा आहे रे." त्यांची स्वतःची इच्छा आहे असं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. यंदा मात्र मुलगी लग्न होऊन मार्गी लागली, आणि काकांनी दोघांचं सफारीचं बुकिंग केलं. काकू आधी दोह्याला येणार, इथून दोघं मिळून जाणार. ते ऐकून आमच्या घरात सुद्धा सण असल्यासारखं झालं.

मग एके दिवशी ते मला लिफ्टमध्ये भेटले आणि हसत हसत म्हणाले, "अरे, ती नाही येत. म्हणाली, मला ते ऊन झेपायचं नाही. आणि खरं सांगू का, मला तशी हौस कधी नव्हतीच. तुम्हाला आवडतं म्हणून मी हो म्हणायचे." आमचा मजला आला, लिफ्टचं दार उघडलं. "तुम्ही जाऊन या, काका," एवढंच म्हणालो.

गेले. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांची बॅग वजनकाट्यावर धरून होतो. उघडून बघतो तर आत बदाम, दुधाच्या पावडरचे डबे, चॉकलेटं, साबणाच्या वड्या, डोकेदुखीचा बाम आणि एक जाडजूड ब्लँकेट! दुर्बीण बिचारी एका कोपऱ्यात. "काका, हे कुणाला?" ते बॅगेकडे बघतच राहिले. दोह्यातून विमानात बसायचं म्हणजे नाशिकला जायचं, आणि नाशिकला जायचं म्हणजे बॅग गच्च भरायची. दुसरीकडे कुठं ते उभ्या आयुष्यात गेलेच नव्हते. "सवय रे," ते म्हणाले. मग झिप ओढत पुटपुटले, "असू दे. कुणाच्या दारात रिकाम्या हातानं कसं जायचं?" मला तिथं उभं राहवेना.

ते परत आल्यावर मी वर गेलो. बाम जीपच्या ड्रायव्हरला दिला, ब्लँकेट तिथल्या कॅम्पच्या स्वैपाकीणबाईंना दिलं, बदाम सगळ्यांत वाटले, हे सगळं त्यांनी खुशीत सांगितलं. जनावरांचं नाव नाही.

"हत्ती दिसले?"

"दिसले की! त्या दारापर्यंत आले असतील." मग चहा ढवळत राहिले. "काय होतं, हत्ती दिसला ना, की माणूस आधी शेजारच्याला कोपरानं ढोसतो. आपोआप. माझ्या शेजारी एक जर्मन बाई होती. तिला कसं ढोसणार?"

काकूंना त्यांनी जीपमधूनच व्हिडिओ कॉल लावला होता. काकू म्हणाल्या, "छान आहेत. जेवलात का?" हे सांगून काका हसले, मीही हसलो, आणि मला फार वाईट वाटलं.

मग त्यांनी फोटो टीव्हीवर लावले आणि सोफ्यावर माझ्याजवळ येऊन बसले. पहिला हत्ती पडद्यावर आला तोच त्यांचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. "बघ, बघ!" दुसऱ्या हत्तीला पुन्हा तेच. तिसऱ्याला जरा जोरातच. खालून बायकोचा जेवायला या म्हणून फोन येऊन गेला. हत्ती अजून पुष्कळ बाकी होते. बरगडी दुखायला लागली, पण मी सरकलो नाही.