कडेला लावलेलं कुंकू

यंदा खंडेनवमीला मी आईला आमच्या शिक्रापूरच्या युनिटमध्ये पूजेला घेऊन गेले... आणि तिथून जे सुरू झालं त्याचा शेवट काल झाला. पोटात मावेना, म्हणून लिहितेय.

आधी काम काय ते सांगते, नाहीतर गंमत कळायची नाही. विहिरीवरची मोटार घरबसल्या रिमोटनं चालू करतात ना, त्याच्या रिसीव्हरमध्ये एक छोटासा फिल्टर लागतो. स्फटिकाचा चकचकीत तुकडा आणि त्यावर केसापेक्षा बारीक धातूच्या पट्ट्या. पट्ट्यांना सिग्नल दिला की स्फटिक थरथरतो, ती थरथर लाटेसारखी पृष्ठभागावरून पळते आणि पुढच्या पट्ट्यांपाशी तिचा पुन्हा सिग्नल होतो. हवा तेवढा पुढे जातो, नको तो अडतो.

वाटेत ही लाट जेवढी वाया जाते तेवढा सिग्नल कमी. याला आम्ही लॉस म्हणतो, आणि आमचा लॉस काही केल्या कमी होईना. लाट पुढून आणि मागून निसटत असणार असं धरून मी तिथं तिला परतवणाऱ्या जादा पट्ट्या टाकल्या. मग आणखी टाकल्या... आकडा ढिम्म.

आमचे मालक जगताप सर रोज वरवंडहून येतात. कधी आवाज चढवत नाहीत. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की वर्ष संपायच्या आत जमलं नाही तर हे काम गुंडाळावं लागेल. म्हणजे मला बंगळूरची नोकरी धरावी लागणार, आणि केंदूरच्या घरी आई एकटी राहणार. तिला हे सांगितलं तेव्हा ती "बरं" म्हणाली आणि ज्वारी निवडत बसली.

तर खंडेनवमी. सगळ्या यंत्रांना झेंडूचे हार, हळदीकुंकू, नारळ... चाचणीचा तुकडा तेवढा टेबलावर होता, नखाएवढा आणि झाकणाशिवाय. अशा उघड्या तुकड्यावर धूळ बसली तरी लाट दबते. म्हणून आईला बजावून सांगितलं, कुठंही कुंकू लाव पण त्या पट्ट्यांना बोट लावू नकोस.

"एवढं नाजूक हाय व्हय ते?" असं म्हणत तिनं वाकून बघितलं. मी हो म्हणाले आणि पेढे वाटायला गेले. तिथंच चुकलं.

दसऱ्याची सुट्टी संपवून परत आले, तुकडा मोजला, तर सिग्नल आणखी पडलेला! मायक्रोस्कोपखाली धरला. पट्ट्यांच्या शेजारून, अगदी कडेनं, कुंकवाची एक नाजूक रेघ ओढलेली.

माझं डोकं फिरलं. तिथूनच आईला फोन लावला आणि नको ते बोलले.

"पट्ट्यास्नी न्हाई लावलं, बाई," आई म्हणाली. "तूच नको म्हनली व्हतीस. उदबत्तीच्या काडीनं कडंला लावलं, हलक्या हातानं."

"अगं पण कशाला?"

"समद्या मशिनींला लावलं, आन् ज्याच्यापायी तुला झोप न्हाई, त्यालाच कोरडं ठिवायचं व्हय?"

मी फणकाऱ्यानं फोन ठेवला आणि तुकडा पुसायला कापूस घेतला. कापूस हातातच राहिला. आई खरंच सांगत होती, कुंकू पट्ट्यांवर नव्हतंच. ते होतं कडेला, आणि कडेला तर आमच्या हिशेबानं लाट जातच नाही. मग तिथल्या कुंकवानं सिग्नल का पडावा?

पुसून मोजलं, सिग्नल पहिल्यासारखा झाला. सरांना हाक मारली. पूजेच्या ताटातलं कुंकू ओलं करून, आईसारखंच काडीनं, दुसऱ्या कडेला लावलं... सिग्नल पुन्हा पडला.

सर स्क्रीनजवळ सरकले. मग म्हणाले, "म्हंजी आपण म्होरं-मागं बांध घालत बसलो, आन् पाणी चाललंय बाजूनं."

अगदी तसंच होतं. पट्ट्यांच्या टोकांवरून लाट बाजूला सांडत होती आणि मी भलतीकडेच राबत होते. मग नव्या डिझाइनमध्ये प्रत्येक पट्टीचं टोक जरासं रुंद केलं, म्हणजे लाट तिथून बाहेर न पडता आतच राहते. नवे तुकडे बनून यायला दिवाळी उलटली.

काल ते आले. लगेच मोजले. लॉस हवा तेवढा उतरला होता. सरांनी पुन्हा मोजायला लावलं, पुन्हा तेच. "चालू ठिवू मग काम," एवढंच म्हणून ते चहा सांगायला गेले आणि मी वॉशरूममध्ये जाऊन रडून आले.

संध्याकाळी केंदूरला पोचल्यावर आईला सगळं समजावून सांगितलं. लाट, कडा, कुंकवामुळे चूक कशी सापडली ते. भाकरी थापता थापता तिनं ऐकून घेतलं.

"ते ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "बंगळूरचं काय झालं?"

नाही जात, म्हटलं.

"मंग ऐकलं म्हनायचं त्यानं."

"कोणी?"

"त्या तुकड्यानं. रेघ वढताना म्हनलं व्हतं त्याला, माझ्या पोरीला हितंच ऱ्हाऊ दे."

बंगळूरचं सांगितलं तेव्हा मला ती नुसतं "बरं" म्हणाली होती... बाकीचं सगळं त्या तुकड्याला सांगून आली होती.