साबळेची दहा मिनिटं

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात आमची कंपनी जयपूरला होती. मी हवालदार. लान्स नाईक बबन साबळे माझ्या सेक्शनमध्ये होता, माणदेशातला, माझ्याच तालुक्याचा. साखरपुडा करून नुकताच सुटीवरून परतला होता. दिवाळीनंतर लग्न होतं. सगळे त्याला ‘नवरदेव’ म्हणत. तो लाजायचा आणि गुमान बूट पॉलिश करत बसायचा.

त्याच्या हातांवर, मानेवर पांढरे डाग उठत होते. विचारलं तर म्हणाला, भाजलंय. मीही खोलात शिरलो नाही. ते कोड होतं. सांगानेरच्या एका वैद्याने त्याला बावचीचं तेल दिलं होतं. सकाळी लावायचं, दहा मिनिटं उजेडात बसायचं, मग साबणाने धुऊन अंग झाकायचं. लग्नाआधी डाग जावेत म्हणून तो हे रोज करत होता. मला हे फार उशिरा कळलं.

त्या दिवशी रेंजवर फायरिंगचा सराव होता. हजेरीचं फॉल-इन साडेसहाचं ठरलेलं, ऐनवेळी सहाला झालं. साबळे धावत आला.

“उस्ताद, धा मिंटं द्या. हात धुऊन येतो.”

“आधी लगीन कोंढाण्याचं, नवरदेव. गाडीत बस.”

“मग बाह्या तरी खाली सोडू?”

“ड्रेस सगळ्यांचा एकच राहील. आणि ऊन कुठंय?”

ऊन खरंच नव्हतं. आभाळ गच्च भरलेलं. आठ वाजता मी त्याला लाल निशाण देऊन रेंजच्या टोकाला सेंट्री म्हणून उभं केलं. दर तासाला रेडिओवर विचारत होतो.

“फ्लॅग टू, रिपोर्ट.”

“फ्लॅग टू, ओके.”

तीन वाजेपर्यंत ओके.

दुसऱ्या दिवशी हात लाल झाले. तिसऱ्या दिवशी भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी कातडी सुटली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरसाहेबांनी तेलाची बाटली हुंगली आणि मला बाहेर बोलावलं.

“सूर्याचे काही किरण डोळ्यांना दिसत नाहीत, हवालदार. ते ढगांतूनही येतात. या तेलावर पडले की कातडी जाळतात. हा सात तास उभा होता.”

जखमा चिघळल्या, विष रक्तात भिनलं. दहाव्या दिवशी तो मला म्हणाला, “उस्ताद, गावाकडं डागाचं सांगू नका.” मी शब्द दिला. अकराव्या दिवशी साबळे गेला.

त्याची ट्रंक घेऊन मी गावी गेलो. त्याची होणारी बायको, सुमन, वडिलांबरोबर आली होती.

“कशानं गेले?”

“इन्फेक्शन झालं.”

ती म्हणाली, “हातावरचे डाग वाढले होते का? अंगठी घालताना बघितले होते मी. माझं काही म्हणणं नव्हतं. पत्रात लिहिणार होते, पण वाटलं, त्यांना वाईट वाटंल.”

मग मी शब्द मोडला. तिला सगळं सांगितलं, माझ्या ऑर्डरसकट. तिने मला प्यायला पाणी आणून दिलं.

युनिटच्या स्मारकावर लढाईत पडलेल्यांची नावं आहेत. साबळेचं नाही. मी दरवर्षी जातो. शेवटच्या नावाखाली दगड कोरा आहे, तिथं त्याचं नाव मनात वाचतो आणि घड्याळ बघून दहा मिनिटं उभा राहतो. त्याने तेवढीच मागितली होती.