तिसरी पोळी

मंडळी, आज दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा गोल पोळ्या केल्या. पुरावा म्हणून फोटो टाकलाय. पण "छान" वगैरे लिहायच्या आधी पुढचं वाचा.

हडपसरच्या या फ्लॅटमध्ये मी एकटाच असतो. माझी बायको सुनंदा जाऊन वर्ष होत आलं. शेजारी चांगले आहेत, म्हणजे लिफ्टमध्ये मान हलवतात.

तर, पोळ्या झाल्या तीन. भूकही तेवढीच होती. तिन्ही ताटात घेतल्या आणि थबकलो. ताटात तीन पोळ्या वाढायच्या नाहीत, हा सुनंदाचा नियम. मला तिसरी हवी असली की ती त्या पोळीचा तुकडा मोडून स्वतःच्या ताटात ठेवायची. म्हणायची, "झालं, आता तीन नाहीत. जेवा निमूट."

मी तिला हसायचो. आज तिच्यासारखा मीच तुकडा मोडला, तिच्या ताटात ठेवायला हात पुढे केला, तर समोर ताटच नाही.

वरण गार झालं. तुकडा अजून टेबलावरच आहे. कावळ्याला घाला म्हणू नका, तिला कावळे आवडत नसत.

तुमच्यात जे एकटे जेवतात, ते तिसरी पोळी कशी वाढून घेतात हो?